भट्टीच्या अस्तराचे नांगर

जयपूरजवळ आमेरच्या राजवाड्याच्या माथ्यावर अरवलीच्या धारेवर जयगड किल्ला उभा आहे. सवाई जयसिंग ह्यांच्या कारकिर्दीत, इ. स. १७२० मध्ये, ह्या किल्ल्याच्या ओतशाळेत ‘जयबाण’ ही प्रचंड तोफ ओतण्यात आली. तोफ पाहावयास येणारे लोक पुष्कळ असतात; परंतु ती जिच्यामुळे निर्माण झाली त्या ओतशाळेच्या भट्टीकडे लक्ष देणारे थोडे. डोंगरावरचा वारा आत खेचून घेऊन जाळ भडकविण्याची योजना, जाड भिंती आणि त्यांच्या आतली धातू वितळविण्याची जागा, इतकाच तिचा संसार. त्या भिंतींना आतून कोणी धरून ठेवलेले नाही. दगडावर दगड आणि विटेवर वीट बसली आहे, आणि जे वजन खाली ओढते तेच वजन भिंतीला स्थैर्यही देते.

जुन्या सर्व भट्ट्यांची गोष्ट अशीच होती. कुंभाराचा आवा घ्या, चुन्याची भट्टी घ्या, किंवा जयपूरच्या प्रसिद्ध निळ्या भांड्यांची लाकडावर पेटणारी भट्टी घ्या. भिंत जाड, आणि छप्पर असलेच तर ते कमानीचे. कमान स्वतःच्या भाराने स्वतःला आवळून धरते. मात्र ह्या जाडपणाची किंमत द्यावी लागते. माल तापविण्यापूर्वी भिंत तापवावी लागते, आणि काम संपल्यावर तिच्यात साठलेली सारी उष्णता हवेत उडून जाते. निळी भांडी ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानास भाजली जातात. भाजणे काही तासांतच होते. परंतु भट्टी निवून भांडी बाहेर काढण्यास दोन-तीन दिवस थांबावे लागते. त्या दिवसांत जळाऊ लाकडाचा बराचसा मोल विटांच्या पोटातून हळूहळू बाहेर पडत असतो.

हिशेब करून पाहिला म्हणजे हा तोटा किती मोठा आहे ते ध्यानात येते. २३० मिलिमीटर जाडीच्या अग्निरोधक विटांच्या भिंतीचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ४६० किलोग्रॅम भरते. त्याऐवजी ॲल्युमिना आणि सिलिका वितळवून काढलेल्या तंतूंचे, रजईसारखे मऊ, २०० मिलिमीटर जाडीचे अस्तर लावले, तर तेवढ्याच क्षेत्राचे वजन २६ किलोग्रॅमच्या आसपास राहते. दोन्ही पदार्थांची विशिष्ट उष्णता जवळजवळ सारखीच असल्यामुळे तंतूंच्या अस्तरात साठणारी उष्णता विटांच्या सुमारे अठराव्या हिश्श्याएवढीच होते. रोज पेटवावयाच्या आणि रोज विझवावयाच्या भट्टीला ह्याहून मोठा लाभ दुसरा कोणता असणार?

पण येथेच नवी अडचण उभी राहते. रजई आपल्या पायांवर उभी राहत नाही. ती छताला लावावयाची म्हटली तर प्रश्न आणखी अवघड होतो. ओतीव मिश्रणाच्या अस्तराचेही तेच. भाजलेल्या मातीचे खडे आणि कॅल्शियम ॲल्युमिनेटचा सिमेंट पाण्यात कालवून ते काँक्रीटप्रमाणे ओततात. कारखान्यात ह्याला ‘कास्टेबल’ म्हणतात. असे अस्तर पातळ असते आणि त्याच्यामागे असते केवळ पोलादी पत्र्याचे कवच. पत्रा गुळगुळीत, आणि मिश्रण त्याला चिकटून राहणारे नव्हे. तेव्हा दोघांना एकत्र बांधणारे काहीतरी मध्ये हवे.

कुडाचे घर पाहिलेल्यास ह्याचे उत्तर सहज सुचेल. कुडाच्या भिंतीवर माती लिंपतात ती काटक्यांच्या फटींत शिरते, वाळते आणि काटक्यांना घट्ट धरून बसते. काटक्या नसत्या तर गिलावा पहिल्याच पावसात ढासळला असता. भट्टीतील काटकीचे काम धातूचे नांगर करतात. हा नांगर शेतकऱ्याचा नव्हे, जहाजाचा; कारखान्यातील लोक त्याला ‘अँकर’ म्हणतात. सुमारे ६ ते १० मिलिमीटर जाडीची पोलादी सळई इंग्रजी ‘व्ही’ किंवा ‘वाय’ अक्षराच्या आकारात वाकवून तिचे बूड कवचाला वितळजोडाने जोडतात. दोन्ही पाय अस्तरात पसरलेले राहतात. काहींचे पाय लाटेसारखे नागमोडी असतात, म्हणजे ते निसटू नयेत.

१९४६ साली जयपूर येथे बॉल-बेअरिंगचा कारखाना स्थापन झाला, आणि कलाकुसरीच्या ह्या नगरात यंत्रयुगाच्या कसोशीची भट्टी आली. बेअरिंगचे पोलाद, ज्यात सुमारे एक टक्का कार्बन आणि दीड टक्का क्रोमियम असते, साधारणतः ८४० अंशांच्या आसपास तापवून तेलात बुडवितात तेव्हा ते कठीण होते. तापमान थोडे कमी झाले तर काठिण्य अपुरे राहते, आणि थोडे अधिक झाले तर पोलादाचे कण वाढून ते ठिसूळ होते. अशा कामाच्या कोणत्याही भट्टीत अस्तराचा एखादा तुकडा निसटला तर नुकसान केवळ अस्तराचे होत नाही. तेथून उष्णता गळते, शेजारचा भाग थंड पडतो, आणि त्या पाळीत भाजलेला माल संशयास्पद ठरतो. उलट बाजूस कवचाचा पत्रा तापून लाल होतो. त्याच्याजवळ माणसे वावरत असतात, हे विसरून चालणार नाही.

नांगराचे काम वरवर साधे दिसते. परंतु तो ज्या स्थितीत काम करतो ती विलक्षण आहे. त्याचे बूड जवळजवळ थंड कवचावर असते आणि टोक आगीच्या जवळ. पोलाद तापले की फुगते. अगंज पोलादाच्या १०० मिलिमीटर लांबीचा तुकडा ९०० अंशांनी तापविला तर तो सुमारे १.६ मिलिमीटरने लांबतो. त्याच्याभोवतीचे ओतीव मिश्रण मात्र अर्धा मिलिमीटरच वाढते. उरलेला एक मिलिमीटर जाणार कोठे? त्याला जागा ठेवली नाही तर नांगराचे टोक अस्तराला आतून फोडते. म्हणून टोकांवर प्लास्टिकच्या टोप्या चढवितात किंवा पायांना मेण अथवा डांबर चोपडतात. पहिल्या तापात ती टोपी जळून जाते आणि मागे नेमकी तेवढी पोकळी राहते. हाताच्या बोटाच्या टोकाएवढी ही टोपी विसरणे फार सोपे, आणि ती विसरल्याचा पुरावा भेगांच्या रूपाने काही महिन्यांनी दिसू लागतो.

नांगराची लांबीही विचार करून ठरवावी लागते. तो तप्त पृष्ठापर्यंत पोचला तर जळतो, आणि फार आखूड राहिला तर अस्तराचा बाहेरचा थर मोकळा राहून सुटून पडतो. अस्तराच्या जाडीच्या तीन चतुर्थांशापासून पाच षष्ठांशापर्यंत तो पोचावा, असा साधारण प्रघात आहे. भिंतीत नांगर २०० ते ३०० मिलिमीटर अंतरावर आणि छतात अधिक दाट लावतात. सर्व नांगरांची तोंडे एकाच दिशेस ठेवली तर त्यांच्या ओळीने भेग धावते. कागदाला छिद्रांची रेघ पाडली की तो तेथेच फाटतो, तसेच हे होय. ह्याकरिता शेजारचा नांगर काटकोनात फिरवून लावण्याची रीत आहे.

आता भाराचा विचार. छताचे अस्तर १५० मिलिमीटर जाडीचे आणि घट्ट मिश्रणाचे असले तर चौरस मीटरला सुमारे ३३० किलोग्रॅम वजन येते. नांगर २०० मिलिमीटर अंतरावर असले तर एका चौरस मीटरात २५ बसतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास तेरा किलोग्रॅमच येतात. लहान मूलही एवढे ओझे उचलू शकेल! तेव्हा जाड सळईची आवश्यकता काय, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. उत्तर असे की थंड पोलादाचे बळ पाहून तप्त पोलादाचा अंदाज करता येत नाही. ९०० अंशांना त्याच्या अंगी मूळच्या बळाचा थोडाच अंश उरतो. त्यातही दीर्घकाळ भार राहिला तर ते हळूहळू ताणले जाते, आणि पृष्ठभाग पोपडे धरून झिजत राहतो. एक नांगर सुटला म्हणजे त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो. ते अगोदरच थकलेले असतात. छत कोसळते ते एका नांगराने नव्हे, तर असे एकामागून एक.

धातूची निवड हा ह्या विषयातला सर्वांत खर्चिक आणि म्हणूनच सर्वांत वादाचा भाग आहे. साधे पोलाद काहीशे अंशांपर्यंतच कामाचे. त्यानंतर ते गंजाप्रमाणे पोपडे सोडू लागते. त्यात १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल घातले की पृष्ठभागावर क्रोमियमच्या ऑक्साइडचा एक अतिसूक्ष्म, चिवट थर बसतो आणि तोच आतल्या धातूचे रक्षण करतो. हे पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत चालते. २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेलचे पोलाद १,००० ते १,१०० अंशांपर्यंत टिकते. त्याच्याही पुढे धातूचा नांगर आगीजवळ नेता येत नाही; तेथे भाजलेल्या मातीचे नांगर लावून त्यांना मागे, थंड बाजूस, धातूच्या आकड्याने कवचाशी अडकवितात.

तथापि महाग धातू म्हणजे सर्वत्र उत्तम धातू, हा समज खरा नव्हे. २५-२० जातीचे पोलाद ६०० ते ९०० अंशांच्या दरम्यान दीर्घकाळ राहिले तर त्याच्या कणांच्या सीमांवर क्रोमियमयुक्त एक ठिसूळ संयुग जमू लागते. तापलेल्या अवस्थेत त्याचा त्रास जाणवत नाही. पण भट्टी विझवून दुरुस्तीस घेतली आणि कोणी नांगरावर हातोडा मारला की तो काचेच्या कांडीसारखा मोडतो. इंधनात गंधक असेल तर अडचण वेगळी. निकेल आणि गंधक ह्यांचे मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळते, तेव्हा अधिक निकेल म्हणजे तेथे अधिक धोका. पोलाद कठीण करण्याच्या भट्ट्यांत पुष्कळदा कार्बनयुक्त वायूचे वातावरण ठेवतात. तो कार्बन सच्छिद्र अस्तरातून झिरपून नांगरात शिरतो आणि त्यालाही ठिसूळ करतो. भट्टीत काय जळते आणि कोणता वायू फिरतो हे विचारल्यावाचून नांगराची धातू ठरविणे म्हणजे रोग्यास न पाहता औषध देणे होय.

जोडकामाबद्दल थोडक्यात सांगता येईल. कवच साध्या पोलादाचे आणि नांगर अगंज पोलादाचा, अशी ही विजातीय जोडी असल्यामुळे दोघांना मानवणारी, अधिक मिश्रधातूयुक्त जोडसळई वापरावी लागते. पत्र्यावरचा गंज व रंग घासून काढलेला असावा. जोडल्यावर प्रत्येक नांगरावर हातोडीचा हलका ठोका मारतात. चांगला जोड खणखणीत वाजतो आणि फसवा जोड बद्द बोलतो. काही नांगर वाकवून पाहण्याचीही पद्धत आहे. अस्तर ओतल्यावर मात्र हा सारा कारभार कायमचा झाकला जातो. ज्याने ठोके मारले नाहीत त्याची चूक दिसते ती वर्ष-दोन वर्षांनी, आणि तोवर दोष बहुधा भलत्याच माणसावर येतो.

पुष्कळदा दोष नांगराचा नसतोही. ओतीव अस्तरात पाणी असते. भट्टी घाईने पेटविली तर त्याची वाफ आत कोंडते आणि अस्तराचे ढलपे स्फोटासारखे उडतात. ढलपा पडला की आतला नांगर उघडा दिसतो, आणि पाहणारा म्हणतो की नांगराने दगा दिला. वास्तविक अस्तर वाळविण्यासाठी तापमान तासाला काही अंश ह्या मंद गतीने, मध्ये-मध्ये थांबत, वाढवावयास हवे होते. उत्पादन थांबलेले असताना हा संयम राखणे कठीण जाते, हे खरे.

तंतूंच्या अस्तराला ओतण्याचा प्रश्न नसल्यामुळे तेथील रीत वेगळी आहे. कवचाला बारीक खुंट्या जोडतात, रजईचे थर त्यांवर एकापुढे एक टोचून बसवितात, आणि शेवटी खाचेची चकती घालून ती पाव फेरा फिरवितात की कुलूप बसते. ह्यात खुंटीचे टोक व चकती थेट आगीसमोर येतात. शिवाय तापाने तंतू आकसतात आणि थरांच्या सांध्यांत फटी पडतात. ह्यावर उपाय म्हणून रजईच्या घड्या दाबून ठोकळे करू लागले. नांगर ठोकळ्याच्या आत, थंड बाजूजवळ दडलेला असतो; आणि दाबलेला ठोकळा मोकळा होताच फुगून शेजाऱ्याला घट्ट भिडतो. तंतूंच्या कामात एक पथ्य मात्र पाळलेच पाहिजे. त्यांची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाते आणि ती कर्करोगास कारण होऊ शकेल असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने मानले आहे. म्हणून अस्तर बसविताना, आणि त्याहूनही जुने अस्तर काढताना, योग्य मुखपट्टी बांधणे आवश्यक असते.

कवचाला उष्णतेची गळती कोठे लागली हे ओळखण्यास फार मोठी साधने लागतातच असे नाही. रंगाचा पापुद्रा करपलेला दिसतो, पत्र्याला फुगवटा येतो. आता अवरक्त किरणांच्या कॅमेऱ्याने अशी जागा दुरूनही टिपता येते. नांगर स्वतःही थोडी उष्णता बाहेर वाहून नेतो, कारण धातू अस्तरापेक्षा कितीतरी सुवाहक असते. त्यामुळे कॅमेऱ्यात नांगरांच्या जागी फिकट ठिपक्यांची सम रांग दिसली तर घाबरण्याचे कारण नाही. रांग मोडून एकच मोठा डाग दिसला तर मात्र भट्टी विझविण्याची तयारी करावी लागते.

निळ्या भांड्यांची कला विसाव्या शतकाच्या मध्यास जवळजवळ लोपली होती; कमलादेवी चट्टोपाध्याय ह्यांच्या प्रोत्साहनाने आणि कृपालसिंह शेखावत ह्यांच्या परिश्रमाने ती पुन्हा उभी राहिली. शेखावत ह्यांना १९७४ साली पद्मश्री मिळाली. लाकडाची भट्टी सोडून जो कारागीर वायूची किंवा विजेची, तंतूंच्या अस्तराची लहान भट्टी घेतो, त्याच्या भट्टीच्या छतातही अशाच खुंट्या असतात. ८५० अंशांना अगंज पोलादाची खुंटी बराच काळ टिकते. पण तिच्या टोकाचा पोपडा सुटून खालच्या भांड्यावर पडला तर निळ्या-पांढऱ्या झिलईवर काळा डाग उमटतो आणि तो पुसून निघत नाही. ह्याकरिता खुंटीच्या टोकावर भाजलेल्या मातीची एक लहानशी वाटी बसवितात आणि तिच्यात तंतूंचा बोळा कोंबतात.