ढालकिडा : नाव बाईचे, काम दोघांचे



विश्रांतवाडीला शिकणारी आमची नातवंडे सुट्टीत उसात आली, की ढालकिडा पाहून ओरडतात, "ही लेडीबर्ड!" मग पुढचा प्रश्न ठरलेला, "लेडी, तर हिचा नर कुठंय?"

नरही लेडीबर्डच! इंग्रजीतली ही 'लेडी' म्हणजे येशूची आई मेरी. जुन्या चित्रांतला तिचा झगा लाल, किडाही लाल, म्हणून ते नाव. आपल्याकडे उलटे : पाठ ढालीसारखी, म्हणून मादीलाही आपण 'ढालकिडा'च म्हणतो. दोघे दिसायला सारखेच. मादी बहुधा थोडी मोठी. ठिपके मोजून नर-मादी कळत नाही, वयही नाही.

नावात घोटाळा चालेल, ओळखण्यात नको. याची अळी बहुधा काळसर, लांबट, बारक्या मगरीसारखी असते. कीड समजून आपण तिलाच चिरडतो. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा आला, तेव्हा तो खाणाऱ्या मित्रकिडींत डिफा, मायक्रोमस यांच्या जोडीला ढालकिडेही होते. नर, मादी, अळी, तिघेही मावा खातात. तेव्हा पंप पाठीवर घेण्याआधी पान उलटून पाहा. या मगरी दिसल्या, तर आधी शेतकी खात्याला विचारा, मगच औषधाचं बघू.