हाडांतील जंतुदोष आणि विरघळणारें औषध

आंबेगांव तालुक्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या कड्यावर आहुपे हें गांव आहे. उन्हाळ्यांत तेथील महादेव कोळी कुटुंबें बाळहिरडा काढण्यासाठीं झाडांवर चढतात. अशा झाडावरून एखादा पडला, नडगीचें हाड मोडून कातडीबाहेर आलें व जखमेंत माती गेली, तर त्यानें घोडेगांव गांठावयाचें आणि तेथून बहुधा पुण्यास जावयाचें. हाड कदाचित् सांधेल. पण पुढें त्या जागीं पू धरला, तर जखमेला बारीक तोंड पडतें, तें मिटतें आणि पुन्हा उघडतें. यासच अस्थिमज्जाशोथ म्हणतात. त्यावरील एका उपायाची माहिती आज करून घ्यावयाची आहे.

पोटांतून किंवा शिरेंतून औषध देऊनही हा रोग हटत कां नाहीं? कारण औषध रक्ताबरोबर जातें आणि रोगट हाडाच्या तुकड्याचा रक्तपुरवठाच तुटलेला असतो. तो मेलेला तुकडा जंतूंचा किल्ला होतो. शिवाय जंतू आपल्याभोंवतीं चिकट थर निर्माण करतात व त्याच्या आडोशास सुरक्षित राहतात. औषधाचें प्रमाण फार वाढवावें, तर जेंटामायसिनसारख्या औषधानें मूत्रपिंडास व श्रवणशक्तीस अपाय होण्याचें भय असतें.

तेव्हां मेलेलें हाड खरवडून काढल्यावर जी पोकळी उरते, तींतच औषध ठेवावें, हा विचार पुढें आला. 1892 सालीं ड्रीसमन या जर्मन शस्त्रवैद्यानें हाडांतील पोकळ्या प्लॅस्टर ऑफ पॅरिसनें भरल्या होत्या. 1970 सालीं बुखहोल्ट्झ व एंगेलब्रेख्त यांनीं कृत्रिम सांधा बसविण्याच्या सिमेंटमध्यें प्रतिजैविक मिसळण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पुढें अशा सिमेंटच्या मण्यांची माळ हाडांत ठेवूं लागले. पण हें सिमेंट विरघळत नाहीं. औषध संपलें कीं त्याच मण्यांवर जंतूंना आसरा मिळूं शकतो, म्हणून पुष्कळदां ते काढण्यास दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते. आहुपेच्या मजुराला ती म्हणजे पुन्हा प्रवास, पुन्हा भूल आणि पुन्हा बुडालेली मजुरी!

विरघळणाऱ्या वाहकाचें महत्त्व येथें आहे. शुद्ध कॅल्शियम सल्फेट म्हणजे ड्रीसमनचेंच द्रव्य. त्यांत व्हँकोमायसिन किंवा जेंटामायसिन कालवून मणी पाडतात. कांहीं आठवड्यांत ते विरघळतात आणि तोंवर त्या जागीं रक्तांतल्यापेक्षां कितीतरी पट अधिक औषध राहतें. कोलॅजनचे स्पंजही वापरतात. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीचीं पॉलिमर द्रव्यें लॅक्टिक आम्ल वगैरेंत मोडतात व शरीर त्यांची विल्हेवाट लावतें. कॅल्शियम सल्फेटबरोबर हायड्रॉक्सिॲपेटाइट घातलें, तर तें मागें राहून नव्या हाडाला आधार देतें. ऑक्सफर्ड येथें अशा मिश्रणांत जेंटामायसिन घालून एकाच शस्त्रक्रियेनें 100 रोग्यांवर उपचार केले; 2016 सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांताप्रमाणें त्यांतील 96 जणांचा जंतुदोष हटला.

मात्र हा जादूचा मणी नव्हे. मेलेलें हाड नीट काढलें नाहीं, तर कोणतेंही द्रव्य व्यर्थ. जंतू कोणता आहे, हें तपासूनच औषध निवडावयास हवें. कॅल्शियम सल्फेट विरघळतांना जखमेंतून कांहीं दिवस पाणी झिरपतें; क्वचित् रक्तांतील कॅल्शियम वाढतें. शिवाय बहुधा पोटांतून वा शिरेंतूनही औषध चालू ठेवावें लागतें.

पण शस्त्रवैद्याच्या आधीं काम असतें तें जखमीजवळच्या माणसांचें. हाड बाहेर आलें असेल तर तें आंत ढकलूं नये. पाला किंवा हळद भरूं नये. स्वच्छ कापडानें जखम झांकावी, पाय फळीला बांधून स्थिर करावा आणि तांतडीनें रुग्णालय गांठावें. भरलेली जखम पुन्हा पुन्हा वाहूं लागली, तर केवळ गोळ्यांवर महिने घालवूं नयेत, अस्थिवैद्याला दाखवावें. विरघळणारा मणी दुसरी फेरी वांचवूं शकतो. पहिली फेरी वेळेवर झाली, तर कदाचित् त्या मण्याचीही गरज पडणार नाहीं.