जुनाट खोकल्याचा पाऊणशे वर्षांचा मागोवा

मोठ्या माणसाचा खोकला आठ आठवड्यांच्या पुढे गेला की वैद्यकात त्याला जुनाट खोकला म्हणतात. मुलांच्या बाबतीत ही मर्यादा चार आठवड्यांची आहे. सर्दी-पडशामागून येणारा खोकला बहुधा तीन आठवड्यांत ओसरतो, क्वचित महिना-दीड महिना रेंगाळतो. त्यानंतरही ढास लागतच राहिली, तर मूळ दुखणे दुसरीकडे शोधावे लागते. पाऊणशे वर्षांपूर्वी असा शोध फारसा होत नसे. खोकला हटत नाही म्हणजे क्षय, असे घरचेही म्हणत आणि डॉक्टरही.

क्षयावर तेव्हा हवापालट, सक्तीची विश्रांती आणि दूध-अंडी एवढाच काय तो आधार. पाचगणीचे बेल-एअर आणि मिरजेजवळच्या वानलेसवाडीचे आरोग्यधाम ही त्यासाठीचीच ठिकाणे. स्ट्रेप्टोमायसिनचा शोध 1943 साली लागला आणि 1952 मध्ये आयसोनियाझिड आले, तेव्हा चित्र पालटू लागले. मद्रासमध्ये 1956 पासून झालेल्या अभ्यासाने तर आरोग्यधामांची गरजच संपवली: घरी राहून गोळ्या घेणारे रुग्णही तितकेच बरे होत होते आणि त्यामुळे घरच्यांना जास्त लागण होत नव्हती. त्यावरच 1962 चा राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रम उभा राहिला. औषध मिळाले तरी बोभाटा होईल, मुलीचे लग्न मोडेल, या धास्तीने खोकला लपवण्याची सवय मात्र पुढे कित्येक वर्षे गेली नाही.

पुढचा प्रवास एका वस्तीच्या अनुषंगाने पाहता येतो. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोची स्थापना 1970 ची. तिने वसवलेल्या नवीन पनवेलच्या पश्चिमेला, खांदेश्वर स्थानकाच्या आसपास खांदा कॉलनी उभी राहिली. मुंबईतल्या चाळी सोडून आलेली, कोकणातून आणि घाटावरून आलेली कुटुंबे येथे स्थिरावली, त्याच काळात क्षयाचा कार्यक्रमही बदलत होता. 1997 पासून सुधारित कार्यक्रम आला. आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळण्याची ‘डॉट्स’ पद्धत 2006 पर्यंत देशभर पोचली. आधी तीन आठवड्यांच्या खोकल्यानंतर थुंकी तपासत. 2009 पासून ही मुदत दोन आठवड्यांवर आणली. बदल लहान दिसतो, पण रोग्याच्या आसपासच्यांची लागण टाळण्याच्या दृष्टीने मोलाचा.

या तपासणीत बरेच काही नमुन्यावर ठरते. एक नमुना केंद्रावर आणि एक पहाटे उठल्यावर घ्यायचा. चूळ भरून, खोल श्वास घेऊन छातीतून काढलेला बेडका डबीत यायला हवा. नुसती लाळ आली तर रोग असूनही अहवाल ‘निगेटिव्ह’ येऊ शकतो. सूक्ष्मदर्शकाच्या जोडीला आलेले सीबीनॅट आणि गोव्यात तयार झालेले ट्रूनॅट या चाचण्या जंतूबरोबरच रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाला त्याने दाद देणे थांबवले आहे का, हेही सांगतात. याची निकड मुंबईने जगाला दाखवली. उपलब्ध सर्व औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे रुग्ण हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी नोंदवले आणि 2012 च्या सुरुवातीला त्यावरून खळबळ उडाली. करोनाच्या वर्षात मात्र तपासणीच मागे पडली. देशातील क्षयाच्या नोंदी 2019 मधल्या सुमारे 24 लाखांवरून 2020 मध्ये 18 लाखांवर आल्या. रोग घटला नव्हता, तपासणी थांबली होती.

क्षय नाही, छातीचा एक्स-रे स्वच्छ, तरी खोकला चालूच, अशांचे काय, हा प्रश्न बराच काळ बाजूला पडला होता. 1979 मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी असे दम्याचे रुग्ण नोंदवले, ज्यांना धाप नाही, शिट्टीसारखा आवाज नाही, केवळ खोकला. दोनच वर्षांत जुनाट खोकला पायरीपायरीने तपासण्याची पद्धत पुढे आली. खोकल्याची उबळ जागवणारे चेतातंतू जेथे जेथे आहेत, तेथे कारण शोधायचे. त्यातून तीन नावे वारंवार निघाली: नाकामागून घशात उतरणारा स्राव, दमा आणि पोटातील आम्लाचे वर चढणे. आम्लाच्या बाबतीत पुढे अतिरेकही झाला. छातीत जळजळ नसताना केवळ खोकल्यासाठी महिनोन्महिने ॲसिडिटीच्या गोळ्या देण्याला आता आधार उरलेला नाही.

चौथे कारण औषधाच्या डब्यातच असते. एनालाप्रिल, रामिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो. गोळी बदलल्यावर तो बहुधा महिन्याभरात जातो, क्वचित तीन महिने लागतात. असे रुग्ण तपासण्यांवर हजारो रुपये खर्च करून झाल्यावर मूळ गोळीपाशी येतात, ही हळहळ वाटावी अशीच गोष्ट. आणि सगळे तपासूनही काही न सापडणारे काही उरतातच. त्यांच्यात खोकल्याची चेतासंस्थाच अतिसंवेदनशील झालेली असते, हा विचार 2014 पासून रुजला. त्यासाठीचे गेफापिक्संट हे औषध जपानमध्ये 2022 मध्ये मंजूर झाले, पण ते अनेकांची चव बिघडवते, आणि अमेरिकेने ते नाकारले.

खांदा कॉलनीसारख्या वस्तीत या यादीला परिसराची जोड द्यावी लागते. तळोज्याची औद्योगिक वसाहत, कळंबोलीचा लोखंड बाजार, न्हावाशेवा बंदराकडे जाणारे कंटेनर, भोवतालच्या दगडखाणी, आणि 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या विमानतळासाठी सुरुंगांनी कापलेली उलव्याची टेकडी. या धुळीने दमा आणि धूम्रपान करणाऱ्यांचा खोकला चिघळतो. दुसरे कारण घराच्या खिडकीत बसते. ग्रिलमध्ये, एसीच्या खोक्यामागे साचलेल्या कबुतरांच्या विष्ठेने काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि वेळीच ओळखले नाही तर फुप्फुस कायमचे घट्ट होते. 2025 मध्ये दादरचा कबुतरखाना झाकला गेला तेव्हा हा आजार चर्चेत आला. छातीच्या डॉक्टरांना तो आधीच ठाऊक होता.

खोकल्याच्या बाटलीचा इतिहास मात्र वेगळा. अडुळशातील व्हॅसिसिनवरून 1960 च्या दशकात ब्रोमहेक्सिन तयार झाले, म्हणजे आजीच्या काढ्याला काही अंशी पावतीच मिळाली. पण बाटलीने खोकल्याचे कारण जात नाही, आणि कधी ती जीवही घेते. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले आणि लेंटिन आयोग बसला. 2025 मध्ये तेच विष खोकल्याच्या औषधात निघाले. मध्य प्रदेशात छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक मुले दगावली, त्यांतल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. त्यानंतर केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याचे औषध देऊच नये आणि पाचखालीही सहसा टाळावे, असे बजावले. एक वर्षावरील मुलाला साध्या खोकल्यात मध चालतो. एक वर्षाखाली तोही नको.

दोन आठवड्यांहून जुना खोकला, थुंकीत रक्त, रात्रीचा घाम किंवा उतरत जाणारे वजन असेल, तर औषधाच्या दुकानाआधी सरकारी केंद्र गाठावे. थुंकीची तपासणी तेथे मोफत होते, क्षय निघाल्यास औषधेही मोफत मिळतात, आणि नोव्हेंबर 2024 पासून आहारासाठी मिळणारी रक्कम दरमहा 500 वरून 1000 रुपये झाली आहे.