नकाशाचा संगणक आणि महागाचं कार्ड



उसाच्या बिलातून पोराला संगणक घेऊन द्यावा, त्याने गावाच्या शेतांचे नकाशे करून चार पैसे मिळवावेत, असा विचार आपल्याकडे होऊ लागला आहे. विचार चांगला. पण दुकानात गेलं की पहिला सवाल येतो, "ग्राफिक्स कार्ड कोणतं टाकू?" आणि खेळासाठीचं भारी कार्ड पुढं येतं. एका सभासदाचे तसेच झाले. निम्मे पैसे कार्डात गेले, मेमरी राहिली ८ जीबी. आता गावाचा नकाशा उघडला की यंत्र फतकल मारून बसतं!

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग. क्यूजीआयएस हे नकाशाचे सॉफ्टवेअर फुकट मिळते. त्यात गटांच्या हद्दी आखणे, क्षेत्र काढणे, लागण-खोडव्याची यादी जोडणे ही कामे मुख्यतः प्रोसेसर व मेमरीवर चालतात. बहुतेक प्रोसेसरांत चित्राची सोय आतच असते, ती या कामाला पुरते. मात्र काहींत नसते, तेवढे विचारून घ्यावे. सेंटिनेल-२ उपग्रहाची चित्रेही फुकट आहेत. त्यातला बारीकात बारीक ठिपका १० मीटर लांब-रुंद, म्हणजे जवळजवळ एक गुंठा. एकरात चाळीसच ठिपके. एवढ्याला भारी कार्ड कशाला हो?

तेव्हा आधी १६ जीबी मेमरी, जमल्यास ३२, आणि साठवणीला एसएसडी. उरलेल्या पैशात कार्ड.

कार्डाची खरी गरज दोन ठिकाणी. आर्कजीआयएस प्रो वापरायचे असेल तर कार्डावर ४ जीबी मेमरी असावी. दुसरे, ड्रोनचे शेकडो फोटो जोडून नकाशा करायचा असेल तर. तिथे एनव्हिडियाचे कार्ड वेळ वाचवते. फुकटचे ओपनड्रोनमॅप कार्डाशिवायही चालते, पण मेमरी भरपूर मागते आणि रात्रभर धीर धरावा लागतो.

बेताच्या पैशात आरटीएक्स ३०५० चे ६ जीबीचे कार्ड बघावे. ते ७० वॅटचे आहे, बहुधा वेगळी वायर लागत नाही, जुन्या पेटीतही चालून जाते. त्याच नावाचे ८ जीबीचे कार्ड १३० वॅट खाते. त्यासाठी पॉवर सप्लाय बदलावा लागला तर तो खर्च निराळा.

दुकानात जाताना पोराने आपलीच नकाशाची फाईल पेन ड्राइव्हवर न्यावी. ती तिथं उघडून, टास्क मॅनेजरमध्ये मेमरी भरते की कार्ड, हे बघावे आणि मगच पैसे मोजावेत.