तिखट ही चव नव्हे, वेदना आहे
गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या चवी स्वादकलिका ओळखतात. तिखट त्यांच्या कक्षेत येत नाही. मिरचीतले कॅप्सेसिन वेदनेचे संदेश नेणाऱ्या चेतातंतूंवरील टीआरपीव्ही१ या ग्राहकाला चिकटते. सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरची उष्णताही हाच ग्राहक टिपतो, म्हणून मेंदूला चटका बसल्याचाच निरोप जातो. या शोधासाठी (१९९७) डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले. आयुर्वेद तिखटाला सहा रसांत गणतो, हा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. पण ते वर्गीकरण खाण्याच्या अनुभवावर बेतलेले आहे. ठेचा कुटल्यावर हातांची आग होते, तेच बोट डोळ्याला लागले तर डोळाही झोंबतो. तिथे स्वादकलिका नसतात. कॅप्सेसिन पाण्यात जेमतेम विरघळते, म्हणून तोंड पोळल्यास पाण्याऐवजी दूध प्यावे.