झाकणाबाहेरची विद्या

बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून डेटा कसा काढतात यावर अलीकडे जे काही छापून येतं, ते सगळं क्लीन रूमच्या दारापासून सुरू होतं. पांढरा झगा, हातमोजे, सूक्ष्मदर्शक. प्रयोगशाळा असेल तरच रिकव्हरी, असा समज त्यातून पक्का झालाय. मला तो मान्य नाही. आमच्या परभणीत माझ्या डोळ्यांदेखत ज्या डिस्क वाचल्या, त्यातल्या बहुतेक झाकण न उघडता वाचल्या. आणि ज्या कायमच्या गेल्या, त्यातल्या बऱ्याच कुणीतरी झाकण उघडलं म्हणून गेल्या.

सुरुवातीचा काळ भरभर ओलांडतो. १९५६ चं आयबीएमचं रॅमॅक, ५० तबकड्या आणि जेमतेम ५ एमबी. १९८० ची सीगेटची सव्वापाच इंची डिस्क, तीही ५ एमबीचीच. हे कुठल्याही पुस्तकात सापडेल. आमच्याकडे डिस्क आली ती डीटीपीवाल्यांच्या आणि मोंढ्यातल्या अडत्यांच्या टेबलावर. एकाकडे श्रीलिपीत जुळवलेल्या लग्नपत्रिका, दुसऱ्याकडे टॅलीतली खाती. तेव्हा डेटा जायचा तो कुणीतरी फॉरमॅट मारल्यामुळे नाहीतर व्हायरसमुळे. फ्लॉपीवरून युटिलिटी चालवली की काम व्हायचं.

खरी मजा आणली भारनियमनानं. २००५ नंतरची ती वर्षं ज्यांनी मराठवाड्यात काढली, त्यांना वेगळं सांगायला नको. लाईट गेली की तासन्‌तास नाही, आणि आली की अशी उसळून यायची की बल्ब आधी पांढरा पडायचा. त्यात कॉम्प्युटरला स्वस्तातला एसएमपीएस. डिस्कच्या बोर्डावर वीज जिथून आत शिरते, तिथंच दोन बारीक डायोड असतात. एक ५ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा १२ च्या. दाब वाढला की ते स्वतः शॉर्ट होऊन मरतात आणि मागच्या चिपला वाचवतात. डिस्क फिरत नाही, आवाज नाही, काही वेळा अख्खा कॉम्प्युटरच चालू होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जळली. जळलेली नसते. मल्टिमीटर बझरवर ठेवून डायोडच्या दोन टोकांना टेकवायचा, मग पिना उलट करून पुन्हा टेकवायचा. दोन्ही वेळा वाजला तर डायोड उचलायचा. डिस्क फिरते. आता तिला संरक्षण उरलेलं नाही, म्हणून धडधाकट एसएमपीएसवर लावून त्याच बैठकीत कॉपी घ्यायची.

जिंतूरकडचा एक फोटो स्टुडिओवाला १२ व्होल्टच्या एक्स्टर्नल डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लावून बसला होता. पिन बसते, माणूस फसतो. "काका, दोन लग्नं आहेत यात. अल्बम नाही दिला तर पाहुणे गावात येऊ देणार नाहीत." बारा व्होल्टचा डायोड सपाट झालेला. तो काढला. दोन्ही लग्नं वरातीसकट निघाली.

ही विद्या आम्हाला कॉम्प्युटरच्या कोर्सनं दिली नाही, रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांनी दिली. शॉर्ट कुठे आहे हे बोर्ड हातात घेऊन शोधायची सवय त्यांची. बोर्डाचे पॅड काळे पडले म्हणून हेडची जोडणी सुटते, आणि ते खोडरबरानं घासले की डिस्क पुन्हा दिसायला लागते, हेही असंच हाताला लागलेलं. बोर्ड खरोखर गेला असेल तर त्याच नंबरचा डोनर बोर्ड शोधायचा. पण नुसता बोर्ड बदलून भागत नाही. आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये त्या एका डिस्कचे स्वतःचे आकडे असतात. ती जुन्या बोर्डावरून हॉट एअरनं उचलून नव्यावर बसवावी लागते. हे न करता बोर्ड बदलून "डिस्क आतून गेली" असं सांगणारे आजही दुकानं थाटून आहेत.

या साऱ्या काळातलं माझं सगळ्यात लाडकं प्रकरण म्हणजे सीगेटची बाराकुडा ७२००.११. २००८-०९ च्या सुमारास या डिस्का धडाधड बंद पडू लागल्या. मोटर व्यवस्थित फिरायची, टिकटिक नाही, पण बायोसला डिस्क दिसायचीच नाही. दोष फर्मवेअरचा. आतल्या नोंदवहीचा आकडा ठरावीक जागी आलेला असताना वीज बंद झाली, की पुढच्या वेळी डिस्क स्वतःतच गुंतून पडायची. तबकडीवरचा डेटा जसाच्या तसा, फक्त दार आतून लागलेलं. कंपनीनं २००९ च्या जानेवारीत दोष कबूल केला, सुधारित फर्मवेअर दिलं. पण गुंतून पडलेल्या डिस्कला ते लागू कसं करणार?

उपाय मोबाइलच्या दुकानात होता. नोकियाची सीए-४२ डेटा केबल तेव्हा स्टेशन रोडवर सहज मिळायची. तिचं फोनकडचं टोक कापायचं, आतल्या तीन तारा साटाच्या शेजारच्या बारीक पिनांना लावायच्या आणि हायपरटर्मिनल ३८४०० च्या वेगावर उघडायचं. बोर्डाचे स्क्रू सैल करून हेडच्या जोडणीत जाड कागदाचा तुकडा सरकवायचा, म्हणजे डिस्क तबकडीकडे धावत नाही, आपलं ऐकते. मग आज्ञा देऊन मोटर थांबवायची, कागद ओढायचा, स्क्रू आवळायचे, मोटर पुन्हा सुरू. त्यानंतरची आज्ञा नीट गेली तर डिस्क काही झालंच नाही अशी उभी राहते. एक आज्ञा चुकली तर आतला नकाशाच विस्कटतो. रशियातल्या रोस्तोवच्या एस लॅबोरेटरीचं पीसी-३००० हेच काम सफाईनं करतं, पण त्याच्या किमतीत तेव्हा आमच्या गल्लीत दुकान उभं राहिलं असतं.

पुण्या-मुंबईचे काही व्यावसायिक याला जुगाड म्हणतात आणि 'कोलंबिया'चं उदाहरण तोंडावर फेकतात. २००३ मध्ये ते अवकाशयान कोसळलं, त्यातली सुमारे ४०० एमबीची भाजलेली डिस्क सापडली आणि अमेरिकेतल्या ऑनट्रॅकनं तिच्यातला ९९ टक्के डेटा काढला. मान्य. तबकड्या बाहेर काढून, धुऊन नव्या कवचात बसवणं हे प्रयोगशाळेचंच काम. हेड तबकडीपासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तिथं मोंढ्यातल्या कापसाचा एक तंतू शिरला तरी संपलं. म्हणून तर टिकटिकणारी डिस्क आली की मी तिला वीजही देत नसे. फोममध्ये गुंडाळायची आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पुण्याला. कुठली डिस्क आपली नाही हे आवाजावरून ओळखणं हाच या धंद्यातला अर्धा शहाणपणा. माझं भांडण आहे ते काचेच्या पेटीला पंखा लावून 'क्लीन रूम'ची पाटी टांगणाऱ्यांशी, आणि डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायला सांगणाऱ्यांशी. फ्रीजरमधून काढलेल्या डिस्कवर दव धरतं. आत काय होत असेल?

पुराचंही तेच. २०२४ च्या सप्टेंबरात आपल्या जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. अशा वेळी भिजलेली डिस्क लोक उन्हात वाळवतात. वाळवू नये, चालू तर मुळीच करू नये. डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, तिथून गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं. ते वाळलं की गाळ तबकडीवर चिकटतो. ओलसरच पिशवीत बंद करून लॅबला द्यावी.

आता या विद्येला गिऱ्हाईक राहिलं नाही. एसएसडीत फाइल पुसली की ट्रिम तिच्या जागा मोकळ्या करून टाकतं. बोर्ड कितीही वाचवा, आत काही नसतं. अनेक एक्स्टर्नल डिस्कांना यूएसबीचं बूड थेट बोर्डावर, वर डेटा कुलूपबंद. आणि नवी पोरं काय करतात? बॅड सेक्टरनं भरलेल्या डिस्कवर चोरीचं सॉफ्टवेअर रात्रभर चालवतात, आणि सापडलेल्या फाइली त्याच डिस्कवर साठवतात! आधी डीडीरेस्क्यूनं प्रत घ्या, सोपा भाग पहिल्या फेरीत उचला, अडलेल्या सेक्टरांकडे मागाहून वळा, हे सांगायला गेलं की म्हणतात, काका, वेळ कुणाला आहे. सीसीटीव्ही बसवण्यात पैसा जास्त आहे, हे त्यांचं म्हणणं मात्र खरं.

माझ्याकडे डोनर बोर्डांचे दोन ड्रॉवर अजून भरलेले आहेत. बाराकुडाचे आहेत, जुन्या मॅक्सटरचे आहेत, सॅमसंगचेही निघतील. ज्याला हवा त्यानं खुशाल यावं. फक्त येताना बोर्डावर छापलेला नंबर लिहून आणावा. "पाचशे जीबीची होती, काळ्या रंगाची" एवढ्यावर मी ड्रॉवर उघडत नाही.