स्ट्रॉबेरी चोर

लुगड्याचा कांठ, दुलईचें चीट किंवा दारावरील पडदा पाहून आपण नकशी काढणाराच्या कुंचल्याचें कौतुक करितों. परंतु कापडावरील नकशी कागदावर पुरी होत नसते. ती रंगाच्या पिंपांतून व लाकडी ठशाखालून पार पडली तरच खरी. इंग्लंडांतील विल्यम मॉरिस (१८३४–१८९६) याच्या ‘स्ट्रॉबेरी चोर’ नांवाच्या चिटाची हकीकत या दृष्टीनें मनोरंजक आहे.

थेम्स नदीजवळील केल्मस्कॉट या खेड्यांत मॉरिसनें १८७१ पासून एक जुना वाडा भाड्यानें घेतला होता. तेथील परसांत स्ट्रॉबेरी पिकूं लागली म्हणजे थ्रश नांवाचे ठिपकेदार छातीचे गाणारे पक्षी येऊन ती पळवीत. माळी त्यांच्या माना मुरगळावयास टपलेला; पण मॉरिसची सक्त ताकीद होती कीं, बागेंतील एकाही पाखरास हात लावूं नये. भल्या सकाळीं बाहेर येऊन तो ही चोरी पाहत राही. (माळ्याची बाजू अगदींच लंगडी होती असें मात्र नव्हे!)

पांखरांचें हुबेहूब चित्र काढून भागत नाहीं. कापडावर तीच आकृति पुनःपुनः यावयाची असते. म्हणून त्यानें पक्षी जोडीजोडीनें समोरासमोर बसविले. एका जोडीच्या चोंचींत फळ, दुसरी चोंच उघडून गाणारी. आणि सांधा डोळ्यांस खुपूं नये म्हणून मध्यें पानाफुलांची दाट वीण.

खरें संकट निळ्या रंगाचें. १८५६ पासून निघालेले रासायनिक रंग मॉरिसला भडक व विटके वाटत. म्हणून १८७५ मध्यें लीक गांवीं टॉमस वॉर्डल याच्या कारखान्यांत तो स्वतः रंगाऱ्याचें काम शिकूं लागला. त्याचे हात निळे होऊन जात. नीळ (ती त्या काळीं इंग्लंडांत बहुतेक हिंदुस्थानांतूनच जाई) पाण्यांत विरघळत नाहीं. पिंपांत तिचें रूप पालटून ती हिरवट पिवळी करावी लागते, व त्यांत बुडविलेलें कापड बाहेर काढून वारा लागला कीं डोळ्यांदेखत निळें होतें. अशी नीळ ठशानें छापणें अतिशय कठीण. तेव्हां रीत उलटी करावी लागली: सबंध कापड आधीं गर्द निळें रंगवावयाचें, मग रंग उडविणारें द्रव्य ठशानें छापून, पाहिजे तेथें पांढरें किंवा फिकट निळें काढावयाचें. १८८१ मध्यें मर्टन अ‍ॅबी येथें, वाँडल नदीकांठीं, स्वतःचा कारखाना घेतल्यावर मॉरिसला ही रीत साधली. त्यावर मंजिष्ठेचा तांबडा व वेल्ड या रोपाचा पिवळा चढे. फिकट निळ्यावर पिवळा आला म्हणजे पान हिरवें होई. १८८३ मधील ‘स्ट्रॉबेरी चोर’ हें या रीतीनें तांबडा व पिवळा साधलेलें त्याचें पहिलें चीट.

एकेक छपाई पुरी होण्यास कित्येक दिवस लागत, व मॉरिसच्या सुती कापडांत तें अतिशय महागांपैकीं होतें. त्याच वर्षीं, कला सर्वांच्या घरीं पोंचावी असें म्हणणारा मॉरिस समाजवादी पक्षांत शिरला. चीट मात्र श्रीमंतांच्याच खिडक्यांना लागलें.